नातीच्या खेळातलं पाणी

२०२३ साल होतं आणि मला पंच्याहत्तरावं लागलं होतं. तुम्ही म्हणाल, उरणजवळच्या मोरा बंदरातून पनवेलला जाणं हा काय प्रवास झाला! उरणला एसटीत बसलं, एक डुलकी काढली की पनवेल. तुमचं खरं असेल. मी जन्म पाण्यावर काढला. पाण्यावरून मला कुठलंच ठिकाण लांब वाटलं नाही, जमिनीवरून मात्र शेजारचं गावसुद्धा परमुलूख वाटतं. म्हणून हे लिहितो. तिसरीनंतर शाळा मला दिसली नाही आणि मी शाळेला दिसलो नाही, तेव्हा शुद्धलेखन ज्याला पाहायचं असेल त्यानं दुसरीकडे पाहावं.

मला पाठवलं होतं माझ्या मुलानं, वसंतानं. त्याची मुलगी नयना पनवेलला भाड्यानं राहते आणि व्हिडिओ गेम तयार करते. कॉम्प्युटरवर लिहीत बसते आणि त्या लिहिण्यातून माणसं पळतात, गाड्या धावतात. आधी चार वर्षं ती एका कंपनीत होती. ती नोकरी सोडून ती स्वतःचाच एक खेळ बनवत घरी बसली, ती बसलीच. वसंतानं इकडे उरणात एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकला होता. साहेबानं जागा धरून ठेवली होती, सोमवारी हजर व्हायचं.

"बाबा, माझं ती आयकत नाय. तुमचं आयकंल," वसंता म्हणाला.

"आनतो," मी म्हणालो.

मी तांडेल (होडीवरचा मुख्य माणूस) होतो. तांडेल आणतो म्हणाला की आणतो.

शनिवारी सकाळी निघालो. पिशवीत तिच्यासाठी सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) घेतले होते. एसटीत खिडकी मिळाली. जासईच्या पुढे रस्त्याला ट्रेलरच ट्रेलर, एकेकाच्या पाठीवर घराएवढी पेटी. आमची एसटी त्यांच्यामधून अशी चालली होती की जणू मोठ्या जहाजांमधून छोटा पडाव चाललाय. एका बाजूला खाडीत रोहित पक्षी उभे होते, गुलाबी, एका पायावर, हलत नव्हते. उन्हात त्यांच्या खालचं पाणी दिसेना, ते हवेतच टेकून उभे असल्यासारखे वाटले. पुढे एके ठिकाणी पूर्वी डोंगर होता. आम्ही समुद्रातून त्याच्याकडे बघून दिशा धरायचो. विमानतळासाठी तो काढलाय. मी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो आणि मला तो डोंगर तिथेच दिसत राहिला. डोळ्यांना जुनी सवय, दुसरं काय.

पनवेलच्या स्टँडवर उतरलो. नयनानं सांगितलं होतं, फोन करा, घ्यायला येते. मी का करू? दर्यात कोण घ्यायला येत होतं? बाहेर शेअर रिक्षा उभ्या होत्या, त्यातल्या एकीत बसलो आणि "तळ्यापाशी सोड" म्हणालो. कुणाचं कोपर, कुणाची भाजीची पिशवी, गरम वारा. डोळे उघडले तेव्हा रिक्षात मी एकटा, आणि समोर उड्डाणपुलाचे खांब.

"चाचा, पळस्पे आलं. शेवटचा स्टॉप," रिक्षावाला म्हणाला. दाढीवाला, हसतमुख माणूस.

"आनि तला?"

"तळं केव्हाच मागं गेलं. मी दोनदा आवाज दिला. झोप मस्त लागली होती तुम्हाला."

"झोप नाय. इचार करीत होतो."

"घोरत विचार करता चाचा तुम्ही, माशाल्ला!"

त्यानं मला चहा पाजला आणि परत आणून सोडलं. पण तो चहा होईपर्यंत मी त्या फाट्यावर उभा राहिलो. एक रस्ता पुण्याला जातो, एक गोव्याला. गोव्याच्या रस्त्याकडे बघताना मला उगाच वाटलं की याच्या टोकाला आपण पूर्वी कधी तरी उतरलोय, तिथे कुणी तरी जेवण झाकून ठेवलंय. उतरलो कधीच नाही. म्हातारपणी अशी न केलेल्या गोष्टींचीही आठवण येते.

नयना राहते ते घर तळ्याच्या बाजूच्या गल्लीत आहे, जुनं, बसकं. घरमालकीण रिबेकाबाई. त्या इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्याच ज्यू, मराठीच बोलणाऱ्या. मुलं तिकडे परदेशी गेली, या राहिल्या. दार त्यांनीच उघडलं आणि माझ्या पिशवीचा वास घेतला.

"कोळंबी ना? आजोबा, ती वर तिच्या खोलीत न्या. माझ्या स्वयंपाकघरात नको हं. आमच्यात खवल्याचाच मासा चालतो."

"मंग पुढच्या येलेला पापलेट आनतो."

"पुढच्या वेळेला? पोरीला तर तुम्ही न्यायला आलात ना?" बाई म्हणाल्या. डोळे मोठे तिखट.

वर गेलो. वाटलं होतं पोरगी भांडेल. वाटभर मी भांडणाची तयारी करत आलो होतो, काय बोलायचं ते सगळं ठरवून. पाहतो तर दाराशी तिची बॅग भरलेली, गादीची वळकटी बांधलेली. नयना पाया पडली आणि म्हणाली, "आबा, जेवा, मग निघू. मी यायला तयार आहे."

मला बरं वाटायला हवं होतं. भरलेलं जाळं समजून ओढावं आणि हाताला वजनच लागू नये, तसं झालं.

"आनि तुजा खेल?"

"नाही जमला. ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिला ते सगळे कंटाळून उठले. एक जण तर म्हणाला, हा गेम आहे की शिक्षा. मलाही आता तेच वाटतं. आज रात्री पुसून टाकते."

"मला दाखव आदी. मी काय नुसता वलकटी उचलायला आलोय?"

जेवण झाल्यावर तिनं कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला आणि माझ्या हातात खेळाचा कंट्रोलर दिला, खेकड्यासारखा, दोन्ही बाजूंनी धरायचा. पडद्यावर पहाट होती. धुकं. खाडी. चिखलात एक होडी कलून बसलेली, दोर खुंटाला, नाळ (होडीचं पुढचं टोक) दर्याकडे. लांब एक दिवा लुकलुकत होता. कुठे गाणं नाही, कुठे आकडे नाहीत. मी बघितलं आणि तो खेकडा मांडीवर ठेवून भिंतीला टेकलो.

"आबा, हे बटण दाबलं की होडी ढकलता येते."

"समजलं."

"मग दाबा ना."

"सुकती हाय (ओहोटी आहे). पानी नाय अजून. भरती आली का निगू."

ती माझ्या बाजूला येऊन खाली बसली, पाय पोटाशी घेऊन, लहानपणी बसायची तशी.

"बरं," ती म्हणाली. "बसू."

आम्ही बसलो. धुकं पडद्यावर हलत होतं आणि दुपारचं ऊन खिडकीतून आत येत होतं, दोन्ही एकाच खोलीत. मी तिला विचारलं, कंपनीत काय करायचीस? म्हणाली, रंगीत फळं फोडायचा खेळ होता. माणूस उठू नये म्हणून दर थोड्या वेळानं त्याला काही तरी बक्षीस द्यायचं, ते किती वेळानं द्यायचं ते ठरवायचं तिचं काम.

"आबा, सारखं बक्षीस देत राहिलं की माणूस खेळत नाही, चरतो. मला गुरं राखल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून सोडली."

"यापरीस सिनेमा बरा," मी म्हणालो. तंबूतल्या सिनेमाला मी उरणात चालत जायचो, एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचो. "अंदारात बसायचं. कोन कायबी इचारत नाय, हे दाब का ते दाब. दिवसभर मीच सगल्यांना सांगनारा, थितं दुसरा कोन सांगतंय, आपन आयकायचं. तेवडाच इसावा."

"पण त्यात समुद्र खोटा असतो."

"तो तर लय खोटा! हिरो होडीत उबा ऱ्हाऊन गानं बोलतो. आमच्या होडीत उबा ऱ्हायला असता, तर दुसऱ्या कडव्याला पान्यात."

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "सिनेमात कापतात, आबा. होडी निघाली, की पुढच्या क्षणाला पोचली. मधलं सगळं कापून टाकतात. मला मधलंच पाहिजे होतं. तुम्ही मला मांडीवर घेऊन धक्क्यावर बसायचात, भरतीची वाट बघत. तेव्हा काहीच घडायचं नाही. मला अजून तेच आठवतं."

माझे डोळे मिटत होते, उघडत होते. मिटले की मोऱ्याचा धक्का, उघडले की पडद्यावरची खाडी, आणि थोड्या वेळानं कुठलं मिटल्यावरचं आणि कुठलं उघडल्यावरचं ते मला सांगता आलं नसतं. खाली रिबेकाबाई भांडी घासत होत्या, ते आवाजही त्या धुक्यातूनच येत होते.

आणि मग चिखलातल्या बारीक ओहळांत काही तरी चमकलं. आधी खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे आले. मग फेसाची एक रेघ, गवताच्या काड्या पुढे ढकलत. मग ओहळ भरले, एकमेकांना मिळाले. दोर ताणलेला होता तो सैल पडला, पुन्हा ताणला. होडी कलली होती ती हळूहळू सरळ झाली, कुणी झोपेतून उठून बसावं तशी, आणि नाळ उचलली.

नयना उठून उभी राहिली होती. तिनं तोंडावर हात धरला होता.

"पानी आला, आबा," ती म्हणाली. पनवेलचं सगळं बोलणं तिच्या तोंडून गेलं होतं. "हे मी लिवलंय. वरीस झाला. ढकललं का नाय येत, कोन हात न लावता बसला तरच येते. कोनी बसलाच नाय. कोनीच बगितला नाय."

"जरा घाई केलीस," मी म्हणालो. "भरती अशी जेवन पचायच्या आत नाय येत. तिला अर्दा दीस लागतो."

"अर्दा दीस कोन बसंल?"

"मी बसंन."

मग मी तो खेकडा हातात घेतला. कोणतं बटण ते तिनं दाखवलं. होडी अशी हलकी निघाली की मी बसल्या जागी तोल सावरला. खुंट मागे गेला, किनारा मागे गेला, तो दिवा कधी उजवीकडे, कधी डावीकडे. पडदा आहे, खोली आहे, पंखा आहे, सगळं मला ठाऊक होतं. तरी मी सांगतो, गुडघ्याच्या दुखण्यानं होडीवरून उतरलो, त्यानंतर मी त्या दुपारी पहिल्यांदा पाण्यावर होतो.

संध्याकाळ झाली तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला.

"वलकटी सोड," मी म्हणालो.

"आबा, तुम्ही पप्पांना शब्द दिलाय."

"मी दिलाय ना? मंग माजा मी बगंन."

"आणि नाहीच चालला तर? तुमच्यासारखे थांबणारे असे किती असतील?"

"मला काय म्हायीत? पन पुसून टाकू नको. पान्यात न उतरवता होडी फोडतं का कोन?"

ती खाली बसली आणि वळकटीची गाठ दातांनी सोडायला लागली. मीच घट्ट बांधायला शिकवली होती ती गाठ, सुटता सुटत नव्हती.

रात्री रिबेकाबाईंनी नारळाच्या दुधातला मासा वाढला, खवल्याचा. हळद जास्त, मिरची बेताची. मी म्हणालो, आमच्याकडे याहून तिखट करतात. त्या म्हणाल्या, "तिखटच पाहिजे होतं तर हॉटेलात जायचं होतं." तरी मी दोनदा वाढून घेतलं.

रविवारी एकटाच परत निघालो. जाताना नयना स्टँडवर आली होती. एसटीत शेजारी एक बाई सारखी घड्याळ बघत होती. खाडीत रोहित होते तसेच उभे. मला वाटलं, आपण प्रवास प्रवास म्हणतो ते पोचण्याला. मी पोचायला गेलो होतो आणि दिवसभर एका जागी बसून होतो, तरी इतक्या लांब मी कधी गेलो नव्हतो.

घरी वसंता अंगणातच उभा. माझ्या मागे कोणी नाही हे बघून त्याचा चेहरा उतरला.

"कुठं हाय ती?"

"थितंच."

"तुमी आनतो बोलला होता!"

"बोललो होतो. नाय आनली."

"आनि मी साहेबाला काय तोंड दाखवू? माजी इज्जत?"

त्याचं चुकीचं नव्हतं. पोरीच्या काळजीनंच त्यानं लोकांपुढे हात जोडले होते. तो रात्रभर माझ्याशी बोलला नाही, जेवलाही नाही. शब्द मोडून घरी आलेला तांडेल मी याआधी कधी झालो नव्हतो, आणि माफी मागायची मला सवय नाही. त्या रात्री मीही कुशीच बदलत होतो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, वसंता उठायच्या आत मी धुतलेला सदरा घातला, रिक्षा केली आणि कंटेनर यार्डाच्या ऑफिसात जाऊन बसलो. साहेब आल्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "नयना माजी नात. ती येनार नाय. माज्या पोराचा यात काय दोष नाय, मीच आडवा आलोय. जागा दुसऱ्या कुनाला द्या."