पोकळ अक्षरं

वर्गातला पंखा मंदावला की बाई खडू टाकून पळायच्या. तो पुरता थांबायच्या आत त्या शाळेमागच्या आपल्या खोलीवर पोचलेल्या असत. "सर, पोरांकडं बघा, लाइट गेली!" हे त्या मला फाटकाजवळून ओरडून सांगत.

मी शाळेत नवीन होतो तेव्हा वाटलं, दूध उतू जात असेल. शेवटी विचारलंच, "बाई, कशाला पळता एवढ्या?"

"पिरंटरचं बटन बंद कराया. लाइट परत आली की ते येडं आदी शाईनं तोंड धुतंय. दिवसातून चारदा धुतलं तर पोरांना काय उरंल?"

तलवाड्याजवळच्या आमच्या वस्तीवर दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. गुढीपाडव्यानंतर येतात तेव्हा वाचायला शिकलेलं विसरलेली असतात. काही पुन्हा शाळेची पायरी चढतच नाहीत. बाईंचा जीव तिथं अडकलेला. जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या पिशवीत त्या घरी छापलेली वाचनाची वही घालत. म्हणून शाई पुरवायची. त्या अक्षरांची नुसती कड छापत.

"पोकळ अक्षराला शाई कमी लागती. भरायचं काम पोरांचं."

मी चिडवायचो, "हजेरीपटावर सहीपण पोकळच करता का?" त्या हसायच्या नाहीत. अर्धी भाकरी हातात घेऊन उठायच्या, कागद मोजून यायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याजवळ बसलं की आपल्यालाच उगाच उशीर होतोय असं वाटतं.

गेल्या दिवाळीनंतर अकरा वह्या हव्या होत्या आणि ट्रक संध्याकाळी निघणार होता. दहावी वही निघाली आणि काळी शाई संपली. निळी, गुलाबी मागच्या वर्षी अशाच अडचणीत खर्ची पडलेली. पिवळी तेवढी भरलेली, कारण पिवळ्यात कोण छापणार? अकरावी वही होती तिसरीतल्या एका पोरीची. दोन वर्षं अडखळत ती नुकती कुठं वाचायला लागली होती.

"हीच इसरली तर, सर?" बाई खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. मग त्यांनी वही पिवळ्यातच काढली. पांढऱ्यावर पिवळं, डोळे ताणले तरी दिसेना. बाई बॉलपेन घेऊन एकेका अक्षराची कड गिरवायला बसल्या. चार पानं मी गिरवली. ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटचं पान तसंच राहिलं होतं.

बाई धावत ट्रकपाशी गेल्या, वर बसलेल्या पोरीच्या हातात वही कोंबली. "समदी भरून आण बरं. एकबी पोकळ ठिवू नको. मी वाट बघते."

ट्रक दिसेनासा झाला तरी त्या म्हणत होत्या, "शेवटचं पान राहिलं, सर."

पौषात बाई गेल्या. शाळेतच छातीत कळ आली, बीडला नेईपर्यंत सगळं संपलं. मला अजून त्यांचा राग येतो. एवढी कसली घाई होती? त्यांचा भाऊ सामान घेऊन गेला आणि खोलीला कुलूप लागलं.

पाडव्यानंतर ती पोरगी शाळेत आली. आदल्या दिवशीच वस्तीवर उतरली होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं वही माझ्यापुढं ठेवली. पानं उसाच्या रसानं चिकटलेली. अक्षरं पेन्सिलनं भरलेली, पेन्सिल संपली तिथून पुढं कोळशानं. शेवटचं पानसुद्धा भरलेलं.

"हे दिसलं कसं तुला?"

"उनात धरलं, सर. दिसतंय की." मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. "बाई कुठंयत?"

मी तिला समोर बसवलं, तेवढ्यात पंखा मंदावला. पोरगी ताडकन उठली. "सर, लाइट गेली! बाईचं पिरंटर!" आणि वही उचलून पळत सुटली.

मीही खडू टाकला आणि तिच्यामागं धावलो. ती कुलपापाशी पोचायच्या आत मला तिला गाठायचं होतं.