माझ्याच चेहऱ्यापुढं पदर

"मेंढरामागच्या बायका ह्या. ह्यांच्यात बाई कोण आणि बाप्या कोण, कुणाला कळतंय?"

रेशमी साडीतल्या पाहुण्या बाई असं म्हणाल्या आणि बारामतीच्या त्या कॉम्प्युटर क्लासचा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी. अशी शहाणी होते तेव्हा, पोरं लग्नाला आलेली.

नव्वदीचं दशक सरत आलेलं. माझी पुतणी शकू आमच्या कऱ्हाटी गावाहून त्या क्लासला जायची. प्रदर्शनासाठी तिनं एक खेळ केला होता. गावातल्या माणसांचे फोटो कॉम्प्युटरात घातलेले. एका बाजूचा बाण दाबत गेलं की चेहरा बाईचा होत जायचा, दुसऱ्या बाजूचा दाबला की बाप्याचा. कुठं थांबायचं ते दाबणाऱ्यानं ठरवायचं.

मी खुर्चीवर बसून माझ्या फोटोवर बाण दाबत गेले. कुंकू पुसट झालं. मिशी उगवली. डोक्यावर पटका आला. समोर पटकेवाला बाप्या दिसला आणि माझा हात आपसूक डोक्याकडं गेला. पदर पुढं ओढला. स्वतःच्याच थोबाडापुढं! त्यावर हशा पिकला आणि त्यावरच त्या बाई बोलल्या.

पण मी हादरले ती वेगळ्याच गोष्टीनं. तो चेहरा मला आवडला होता. ओळखीचा होता. बापाला मुलगा नव्हता. इंदापूरच्या रानातनं मेंढरं हिंडवताना त्यानं मला धोतर-पटका घातला, न्हाण येईपर्यंत. पुढं लुगडं नेसले, संसार केला, पण आत मी अधेमधेच राहिले. त्याचं पाप वाटायचं. नवऱ्याला फसवतेय असं वाटायचं. नरसिंहपूरला जाऊन नाक घासलं. अर्धा माणूस, अर्धा सिंह असलेल्या देवापुढं मी अर्धेपणाची माफी मागत होते. काय पण अक्कल!

क्लासचे साहेब पुढं आले. "शकू, काकूंचा चेहरा काढून टाक. बरं दिसत नाही."

"काकी, काढू?" शकूनं विचारलं.

दाराशी माझे मालक, शकूचे काका, उभे. मान खाली. 'काढ बाई' माझ्या ओठांवर आलं होतं.

मी बाण दाबला. थोडा मागं. कुंकूबी हाय, मिशीबी हाय, असं दिसलं तिथं थांबले.

"ऱ्हाऊ दे. त्यो माझा चेहरा हाय."

"अहो, लोक हसतायत."

"हसू द्या की. मघाशी मीबी हसलेच."

साहेबांनी पडद्याचं बटण बंद केलं. पडदा काळा. मी उठले नाही.

"चालू करा. मी हितंच बसलीया."

शेवटी शकूनंच बटण दाबलं.

त्या दिवशी मालक घरी येऊन जेवले नाहीत. अपराधी वाटलं. मालक वारले, तरी अजून वाटतं. ही टोचणी जाईल असंही वाटत नाही. पण अपराधी वाटतंय म्हणून खुर्चीवरनं उठायचं, हे माझ्याच्यानं आता होणार नाही.