विहाराच्या ओसरीवरच्या बिड्या

लग्न होऊन मी तुमसरजवळच्या सासरी आले, तेव्हा आमच्या घरात रोज संध्याकाळी वाद व्हायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून नव्हे. माणसाला दुःख कशामुळे होतं, यावरून. सासरे विहारात वंदना घ्यायचे, वर्षावासात ग्रंथ वाचायचे. ते म्हणायचे, दुःखाचं मूळ तृष्णा. नवरा तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाल होता, लाल झेंड्याच्या युनियनमध्ये होता. तो म्हणायचा, दुःखाचं मूळ मालक. दोघंही मोठ्यानं बोलायचे. मी आणि माझी मोठी जाऊ सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसायचो. आमचं मूळ कोणतं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही.

बिड्यांचा ठेकेदार पानं आणि तंबाखू द्यायचा आणि आठवड्यानं माल घ्यायला यायचा. घेताना छाट काढायचा. ही बिडी ढिली, ही वाकडी, म्हणून मूठमूठ बिड्या बाजूला. त्यांची मजुरी नाही, आणि बिड्याही परत नाहीत. त्या त्याच्याच पोत्यात जायच्या.

एकदा जावेनं विचारलंच. "खराब हायेत, त मंग नेतोस कायले?"

"जलाने के लिए," तो हसून म्हणाला.

"मंग इथंच जाळ ना."

तो आणखी हसला आणि पोतं सायकलला बांधून गेला.

संध्याकाळी मी हे घरात सांगितलं. मला वाटलं, आता तरी दोघं उठतील. नवऱ्यानं वरकड मूल्य म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सासऱ्यांनी लोभ माणसाला कसा आंधळा करतो ते सांगितलं. दोन्ही पटलं मला. पण पुढच्या आठवड्यात ठेकेदारासमोर आमच्या बाजूला दोघांपैकी कुणीच उभं नव्हतं.

जावेनं त्या दिवशी छाटीचा ढीग ओढून घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत फाडायला लागली. मोहल्ल्यातल्या आम्ही बाकीच्या वळणाऱ्याही लागलो. पानाचे तुकडे, तंबाखू, सूत, सगळं अंगणभर. त्यानं उरलेला माल पोत्यात भरला आणि गेला. पुढच्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात पानं आलीच नाहीत. शेजारच्या गावात गेली.

मग विहारात बैठक झाली. मी म्हटलं, आपणच मिळून वळू, आपणच विकू. पानं, तंबाखू विकत आणू, एकाच ढिगात काम करू, मिळेल ते सारखं वाटून घेऊ.

सासरे म्हणाले, "विहारात तंबाखू? पंचशील घेतो ना आपण? हे सम्यक आजीविकेत बसते का?"

नवरा म्हणाला, "असे लहान लहान धंदे काढून काई होत नाई. सत्ताच बदलाव लागते."

पुरुष बोलत राहिले. बायका भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती, आणि इथे क्रांती आणि निर्वाण यांत आधी काय, ते ठरत होतं. माझं डोकं फिरलं. मी सातवी शिकलेली. सासऱ्यांचे डोळे दुखायचे तेव्हा मीच ग्रंथ वाचून दाखवायचे.

मी उठून म्हटलं, "मामाजी, संघात कोनाच्या मालकीचं काई नव्हतं, असं तुमीच वाचाले लावलं मले. भिक्खू जमवत होते, वाटून खात होते. ते चांगलं, त आमी केलं त वाईट काहून?" आणि नवऱ्याकडे वळून म्हटलं, "अन् तुमची सत्ता येईल तवा येईल. तवर आमी कायच्या भरवशावर राहाव?"

शेवटी सासरे म्हणाले, "आत नोको. ओसरीवर बसा."

त्या उन्हाळ्यात आम्ही ओसरीवर बसलो. ते दिवस खरंच चांगले होते. छाट नाही, ओरडणं नाही. एका म्हातारीला नीट दिसायचं नाही, ती फक्त सूत गुंडाळायची, तरी तिला आमच्याएवढाच वाटा. हेच जावेला खुपायला लागलं. तिची बोटं सगळ्यांत चपळ.

"दिवसभर मी वळाव अन् तिले माह्याएवढंच?" ती म्हणाली. "माह्या लेकराइले कोन पाहीन?"

मी तिला संघाचं सांगायला गेले. ती म्हणाली, "तू आता मामाजीसारखी बोलून राहिली वं." ते लागलं मला.

पण आम्हाला बुडवलं ते जावेनं नाही. आधी आसपासच्या गावांत थोडा माल खपला, पण तेवढ्यानं भागेना, म्हणून मी आणि ती टोपली घेऊन तुमसरच्या बाजारात दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानदार बिडी हातात फिरवायचा आणि विचारायचा, "लेबल कोनाचं?" बिडी चांगली आहे, पण गिऱ्हाईक लेबल मागतं. आमच्या बिडीवर कुणाचं नाव नव्हतं. ती आमच्या सगळ्यांची होती, म्हणून ती कुणी घेईना. युनियनच्या लोकांना घ्यायला सांगा, असं मी नवऱ्याला म्हटलं. बैठकीत विषय ठेवतो म्हणाला. ठेवलाही असेल.

पावसाळ्याच्या तोंडावर ठेकेदार पुन्हा आला. आधी जाऊ गेली. जाताना तिनं त्याच्याकडून एक अट कबूल करून घेतली, छाट आमच्यासमोर फाडायची. मग एकेक करत बाकीच्या गेल्या. मी चिडून धानाच्या रोवणीला गेले, चिखलात वाकून वाकून कंबर मोडली. म्हातारीला ठेकेदारानं घेतलंच नाही. ती तिच्या लेकीकडे शहापूरला गेली.

रोवणी संपल्यावर मलाही सूप घ्यावं लागलं.

ठेकेदारानं माझा माल उलटासुलटा करत विचारलं, "काहून बाई, संघ खतम?"

त्यानं माझी छाट काढून माझ्यापुढे टाकली. मी एकेक बिडी फाडली, त्यातली तंबाखू पदरात बांधली आणि ती देणार नाही म्हणून तिथंच त्याच्याशी भांडत उभी राहिले.