शेगडीसकट बर्फ

कोल्हापुरात बर्फ मिळतो तो सरबताच्या गाड्यावर, किसून. तरीही आमच्या गल्लीतल्या अण्णाप्पाचं घर कितीतरी वर्षं हिमाचलातल्या बर्फावर चाललं. बर्फ पडला की चूल पेटायची, नाही पडला की आमच्या घरून पीठ जायचं. शेजारी म्हणून मी हे सगळं जवळून पाहिलंय. म्हणून सांगायचा हक्क माझाच.

अण्णाप्पा मूळचा नेसरीचा. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास तो मलकापूरच्या रस्त्यावर वडापची जीप मारायचा. नऊ माणसांच्या जीपमध्ये चौदा कोंबायची आणि वर ‘पावणं, जरा सरकून घ्या की’ म्हणायचं, एवढंच त्याचं शिक्षण. पुढं त्याच्या डोक्यात सहलींचं खूळ शिरलं. बस भाड्यानं घ्यायची, माणसं गोळा करायची आणि धर्मस्थळ, श्रीशैल, काशी करून आणायचं. माणसं यायची ती मात्र त्याच्या बायकोच्या, शिवगंगाच्या हातच्या जेवणासाठी. आमच्याकडची लिंगायत व्यापारी मंडळी परमुलखात पाण्याचा घोटसुद्धा विचार करून घेतात. शिवगंगा बसच्या टपावर गॅसची टाकी नि पिठाची पोती चढवायची आणि काशीच्या घाटावर ज्वारीची भाकरी थापायची. अण्णाप्पा नुसता बडबडायचा. धंदा तिच्या तव्यावर होता, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग सिनेमातल्या नट्या पातळ साड्या नेसून बर्फात नाचायला लागल्या आणि आमच्या गूळवाल्यांना, कापडवाल्यांना बर्फ बघायची हौस सुटली. अण्णाप्पानं हिवाळ्यात मनालीची सहल काढली. पहिली काही वर्षं झकास गेली. पण हा धंदा फार वाईट. काशीचा देव जागचा हलत नाही, बर्फाचं तसं नाही. दोन हिवाळे ओळीनं बर्फच पडला नाही. माणसं एवढ्या लांब जाऊन चिखल बघून आली आणि महाद्वार रोडवर उभं राहून तसं सांगत सुटली. बुकिंग गळायला लागलं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या एका जानेवारीत, देवानं उलटं केलं. टीव्हीवर रोज तेच, उत्तरेत थंडीची लाट, रस्ते बंद, माणसं गारठून मेली. ज्यांनी नावं दिली होती ती एकेक करून मागं फिरली.

अण्णाप्पा माझ्या घड्याळाच्या दुकानात येऊन बसला. 

‘‘बाळासो, ही टूर मोडली तर मी संपलो. बस ठरवून बसलोय. कागलला एमआयडीसीत वॉचमनची जागा हाय म्हणत्यात. शिट्टी फुकत बसायचं आता.’’

‘‘वाईट काय हाय त्यात?’’ मी म्हटलं.

‘‘पन्नाशीला आल्यावर दुसऱ्याच्या गेटावर उभा ऱ्हाऊ? न्हाय जमायचं.’’

आणि तिथंच, माझ्यासमोर, त्याला ती कल्पना सुचली. आमच्याकडं बाळंतीण झाली की तिच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवतात. सव्वा महिना आई नि बाळ त्या धगीवर पडून असतात. घरं कौलारू, कौलांतून आभाळ दिसतं, धूर कुठं जातो ते कुणी बघत नाही. अण्णाप्पानं ठरवलं की प्रत्येक खोलीत एक शेगडी द्यायची. तो घरोघर गेला. ‘‘गारठलासा तर माझं नाव बदला. शेगडीसकट बर्फ दावतो!’’ लोक हसले आणि गेलेली नावं परत आली. सगळ्यांना ते पटलं, कारण आमच्यातला प्रत्येकजण त्याच शेकावर वाढलेला. बसच्या टपावर या खेपेला पिठाच्या शेजारी कोळशाची पोती चढली. काळ्या पोत्यांकडं बघून शिवगंगा एवढंच म्हणाली, ‘‘प्रवासाला निघालोय का सरपण न्यायला?’’ मला त्या पोत्यांचं रूप आवडलं नव्हतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्यांची मुलगी शांभवी बारावीला होती. ती माझ्या बायकोजवळ, संयोगिताजवळ राहिली. मी मात्र बर्फ बघायला निघालो.

आमच्याबरोबर नेसरीच्या आक्का होत्या. एका मोठ्या पेढीच्या मालकाची विधवा, एकट्या आलेल्या. अण्णाप्पाच्याच गावच्या, आणि त्यांचा शब्द गावात चालायचा. त्या खूश झाल्या तर पुढच्या वर्षी अर्धी बस नेसरीतूनच भरणार होती, आणि नाराज झाल्या तर एक माणूस येणार नव्हता. अंबाला सोडल्यापासून त्यांनी थंडीची तक्रार सुरू केली ती थांबवलीच नाही. शिवगंगा त्यांचे पाय चोळत राहिली.

मनालीला पोचलो त्या दुपारीच बर्फ सुरू झाला. आवाज नाही, गडगडाट नाही. पाऊस कसा, आधी सांगून येतो. हे नुसतं वरून उतरत होतं आणि थांबत नव्हतं. आमची ढेरपोटी मंडळी पोरांसारखी नाचली. अण्णाप्पा हात पसरून ओरडत होता, ‘‘बघा! बघा की! दावलं का न्हाय?’’ संध्याकाळी बघतो तर आमच्या बसची चाकं दिसेनाशी झाली होती, आणि ज्या रस्त्यानं आलो तो रस्ताच नव्हता. मग वीज गेली. नाचणारे सगळे चाचपडत आत शिरले.

शेगड्या पेटल्या. हॉटेलवाला म्हातारा पहाडी माणूस, त्यानं अण्णाप्पाला धरून सांगितलं, ‘‘अंगीठी जलाओ तो खिड़की खुली रखना, भाई.’’ अण्णाप्पानं प्रत्येक दारात जाऊन ते सांगितलं. पण कसं सांगितलं? बाहेर बर्फ आणि आत खिडकी उघडी ठेवा, हे बोलताना त्याची त्यालाच लाज वाटत होती. ‘‘जरा फट ठेवा म्हंजे झालं,’’ असं तो म्हणत गेला. माझ्या खोलीची खिडकी मोडकी होती, लागतच नव्हती. मी तिला नि अण्णाप्पाला शिव्या देत पडलो. अण्णाप्पा नि ड्रायव्हर बसमध्ये झोपले, इंजिन मधूनमधून चालू ठेवायला. शिवगंगा आक्कांना सोबत म्हणून त्यांच्या खोलीत गेली.

सहलीतली सकाळ उजाडायची ती शिवगंगाच्या गॅसच्या फरफर आवाजानं. आलं घातलेल्या चहाचा वास आला की माणसं उठायची. त्या सकाळी आवाज नव्हता. स्वयंपाकाच्या खोलीत भांडी तशीच पालथी. अण्णाप्पा बर्फ झटकत आत आला आणि चिडलाच. ‘‘चहा कुठाय? लोकं काय म्हनतील?’’ आक्कांचं दार आतून बंद होतं. तो आधी हलक्या हातानं वाजवत होता, आक्कांना राग यायला नको म्हणून. मग जोरात. मग आम्ही दोघांनी खांदा लावला.

आक्का दाराशी गादी टाकून झोपल्या होत्या, त्यांना पलंगाची सवय नव्हती. दाराच्या खालच्या फटीनं त्या वाचल्या. ओढून बाहेर आणल्यावर ओकल्या आणि रडायला लागल्या. शिवगंगा पलंगावर होती. शेगडी पलंगाखाली, बाळंतिणीच्या बाजेखाली असते तशी. खिडकीच्या फटीत तिची स्वतःची शाल कोंबलेली होती. चेहरा लालसर, झोपेतला. अण्णाप्पा तिला ‘‘ऊठ, ऊठ की, चहा टाकायचाय’’ म्हणत हलवत राहिला.

आक्कांनी नंतर सांगितलं, ‘‘मीच कुरकुर केली. आता गावाकडं कुणाला यिऊ देत न्हाय म्हटलं. तवा ती उठली नि फट बुजवली. म्हनाली, आक्का, आता गप झोपा, गावात काय सांगू नगा.’’

पोलीस आले, पंचनामा झाला. रस्ता बंद, बाहेर न्यायची सोय नाही. आमच्यातल्या काहींनी दहनाचं सुचवलं. अण्णाप्पा तेवढ्यापुरता भानावर आला. लिंगायताला मातीच द्यायची, बसवून द्यायची. पण माती होती कुठं? बर्फ उपसला तरी खालची जमीन दगड झालेली, कुदळ उडून हातावर येई. शेवटी अण्णाप्पानंच टपावरची उरलेली पोती ओढली. जमिनीवर कोळसा पसरला, पेटवला. माती मऊ होईल तशी आम्ही खणत गेलो. मी त्याच्या तोंडाकडं बघू शकलो नाही. गूळवाले, कापडवाले, ज्यांनी कधी फावडं धरलं नव्हतं ते सगळे खणत होते. विधी सांगायला स्वामी नव्हते. आक्कांनी तिच्या कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग सोडून तिच्या तळहातावर ठेवलं आणि आठवेल ते म्हटलं.

चौथ्या दिवशी फोन सुरू झाले. बूथवर मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्यानं माझ्या घरचाच नंबर लावला. शांभवीनंच उचलला असणार, कारण त्याचा आवाज एकदम बदलला.

‘‘व्हय, मजेत हाय. लई बर्फ हाय.’’ मग थांबला. पोरीनं आईला विचारलं असणार. ‘‘अव्वा? स्वैपाकात हाय ती. मागनं बोलंल.’’

फोन ठेवल्यावर मी त्याच्यावर ओरडलो. गुरासारखा ओरडलो.  मी तरी माझ्या बायकोला फोन का केला नाही? नंबर फिरवायला गेलो आणि अर्ध्यावरच रिसीव्हर ठेवून दिला. बाकीच्यांनीही घरी नुसतं ‘येतोय’ एवढंच कळवलं; कुणी कुणाला काय सांगणार होतं.

परतीच्या वाटेवर जेवण अण्णाप्पा रांधायचा. कच्चं, करपलेलं, बिनमिठाचं. सगळे मुकाट्यानं खायचे आणि ताट धुऊन ठेवायचे.

कोल्हापुरात गल्लीच्या तोंडाशी बस थांबली. ज्याचे त्याचे नातेवाईक आले होते, हार घेऊन आले होते. आमची माणसं खाली उतरत होती आणि हार नको म्हणत होती. शांभवी गर्दीतून पुढं आली. तिनं बापाला पाहिलं, हसली आणि त्याच्या बाजूनं सरळ बसमध्ये चढली. आईचं सामान उतरवायला. आम्ही खाली उभे होतो आणि खिडक्यांतून ती दिसत होती. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत गेली. मागं वळली. पुन्हा एकेक बाक बघत आली.

अण्णाप्पा दाराच्या दांड्याला धरून उभा होता. 

‘‘खाली ये बाळा,’’ तो म्हणाला, ‘‘ती आली न्हाय.’’