टोमॅटोच्या वाफ्यावरची कवटी

झाडं माझ्या छातीपर्यंत आली होती. पानं गर्द हिरवी, खोडं जाडजूड. टोमॅटो एकही नाही.

"चेअरमन लंचला येतायत," जनरल मॅनेजर सबनीससाहेब म्हणाले. "आपल्याच बागेतले टोमॅटो खिलवतो म्हणून सांगून बसलोय. आता काय, पाला वाढू? तुमच्या कन्फर्मेशनचं त्यानंतरच बघू."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या एका कारखान्यात मी प्रोबेशनवरचा गार्डन ऑफिसर. टोमॅटोसाठी मी गादीवाफे केले होते, म्हणजे विटांची कड लावून गुडघाभर उंच केलेली माती. खत मोजून दिलं होतं. फक्त वाफे गेटवरून कँटीनला जायच्या वाटेवर होते, आणि तिथेच वाट लागली.

काय चाललंय ते बघायला एक दिवस शेडच्या आडोशाला उभा राहिलो. आधी कँटीनच्या शेवंताबाई बादली घेऊन आल्या.

"बांगडे धुतलेलं पाणी. आमच्या गावाला माडांना हेच घालतो."

मग वॉचमन शेणकाला घेऊन. शेवटी स्टोअर्सचा परब. त्याने इकडेतिकडे बघून खिशातून मूठभर युरिया काढला.

"लॉनसाठी आणलेला आहे. साहेबांची इज्जत आहे ना यार."

प्रत्येकाला वाटत होतं, झाडांची काळजी आपण एकटेच घेतोय.

या सगळ्यात नायट्रोजन असतो. नायट्रोजनने पानं वाढतात. तो जास्त झाला की झाड नुसतं पानांतच रमतं, फळाचं नाव घेत नाही. मी तिघांना समजावलं. तिघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली.

"आज मांदेलीचं आहे," शेवंताबाई म्हणाल्या. "हलकं असतं."

मी थकलो. परबला सांगून इलेक्ट्रिकल खात्यातला धोक्याचा कवटीवाला पत्रा आणला. व्होल्टचा आकडा पुसून मराठी-इंग्रजीत लिहिलं : 'विषारी औषध फवारले आहे.' बोर्ड वाफ्यात रोवला. सगळ्यांची माया एका दिवसात आटली. मी वाफ्यांतून भरपूर पाणी सोडून खत धुऊन काढलं. मग जवळच्या बेकरीतून पावाच्या भट्टीतली लाकडाची राख आणून घातली. राखेत पोटॅश असतं, ते फळाला लागतं. फुलं आली. टोमॅटो धरले, लाल झाले.

"आता बोर्ड काढतो," मी साहेबांना म्हटलं.

"राहू दे. लोक तोडून नेतील."

चेअरमन आले. साहेबांनी कौतुकाने आधी वाफेच दाखवले. चेअरमननी टोमॅटो पाहिले, कवटी पाहिली, आणि पुढे चालू लागले. लंचला टोमॅटोच्या चकत्यांची प्लेट टेबलभर फिरली आणि भरलेलीच परत आली.

साहेबांनी मला आत बोलावलं. "खा," म्हणाले.

मी उभ्याउभ्या प्लेट संपवत आणली. चेअरमन माझ्याकडे बघत राहिले. मी पडत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी उरलेली एक चकती उचलली.

"मीठ हवं होतं," म्हणाले.

मी कायम झालो. तेव्हापासून बाग बघायला गेलो की माती नंतर पाहतो. आधी विचारतो, इथून येता-जाता कोण कोण असतं?