नोंदीत न आलेली चूल

आमच्या पाहणीत कुटुंबाची व्याख्या सोपी होती: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. अर्थशास्त्राच्या वर्गात ती मी वर्षानुवर्षं शिकवली. दौंड तालुक्यातल्या एका गावात मात्र मी स्वतःच ती मोडली, आणि हे गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

घर दोन भावांचं. धाकटा वारलेला, त्याची बायको दोन मुलींना घेऊन मागच्या पडवीत राहायची. थोरल्यानं मला जेवायला बसवलं आणि वाढता वाढता उत्तरं दिली. शेती एकत्र, खाणंपिणं एकत्र, कशाचा वाद नाही. हात धुवायला मागे गेलो, तर विटा मांडून केलेल्या चुलीवर भावजय भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "साहेब, माझी चूल येगळी हाय. दोन वर्सं झाली. तेवढं लिवा."

मी हो म्हणालो. ओसरीवर थोरल्यानं विचारलं, काय म्हणत होती? काही नाही, म्हटलं, पाणी दिलं. उरलेल्या घरांची दारं त्याच्याच ओळखीनं उघडणार होती. मी एकच कुटुंब लिहिलं.

त्या गावावरच्या माझ्या लेखात एकत्र कुटुंबं अजून टिकून असल्याचा निष्कर्ष होता. त्याचं कौतुक झालं. पुढं घरकुलांसाठी ग्रामपंचायतीनं आमचीच यादी घेतली. तिचं कुटुंब त्यात नव्हतं, म्हणून घरही मिळालं नाही. हे मला त्याच वर्षी कळलं. एक पत्र पुरलं असतं. पण मग लेखही दुरुस्त करावा लागला असता.

गेल्या महिन्यात तिला शोधत शिक्रापूरला गेलो. भाड्याच्या खोलीत ती कंपनीतल्या पोरांचे डबे करते. मी ओळख सांगण्याआधीच म्हणाली, "तुमी आमच्यात जेवून गेला व्हता." टोमणा होता की नुसती आठवण, कळलं नाही.

मी सगळं सांगून टाकलं. चूक कबूल करून छापणार आहे, हेही सांगितलं. आणि इतकी वर्षं मनाशी जपलेली सबबही तोंडून गेली: खरं लिहिलं असतं तर दिरानं तुम्हाला मारलं असतं.

ती कांदा चिरायची थांबली.

"मारलंच असतं," ती म्हणाली. "त्याची तयारी करूनच तुमाला सांगितलं व्हतं."