उजव्या हाताचा दाखला

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी गोदामाचा सुपरवायझर. क्रेनवरून उतरणारा पत्र्यांचा गठ्ठा जरा तिरका वाटला, म्हणून मी तो हाताने सरळ करायला गेलो. ते माझं काम नव्हतं. पण सल्ला आणि हात, दोन्ही मी न मागता देतो. गठ्ठा सरळ झाला. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी झाली, ती कायमची.

भरपाईची कंपनीशी बोलणी जमत आली होती. अडलं होतं एका दाखल्यावर. हात किती निकामी झाला ते सरकारी डॉक्टर लिहून देणार आणि त्यावरच सगळं ठरणार. वकिलांनी बजावलं होतं, "जे जमत नाही ते सांगा. लाजू नका."

पण आमच्या घराण्यात परक्याने 'कसं काय' विचारलं की 'एकदम मजेत' म्हणायची रीत. आमचे एक काका ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरूनही हेच म्हणाले होते. मी त्यांच्याच वळणावर गेलेला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मुलगी बघायला निघाल्यासारखा बायकोला घेऊन खारघरहून इस्पितळात पोचलो.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, हात कसा आहे?"

"एकदम मजेत!"

बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

"दुखतो?"

"छे! थंडीत आपलं थोडंसं."

"वजन उचलता येतं?"

मी बायकोची पर्स उजव्या मनगटात अडकवून उचलून दाखवली. डॉक्टरबाई लिहायला लागल्या.

"अहो, मग उद्यापासून गठ्ठेच उचला," बायको म्हणाली. "कंपनीला पेढे मी पाठवते."

डॉक्टरबाई हसल्या. लिहिता लिहिता थांबून म्हणाल्या, "काका, शर्टाचं वरचं बटण काढा आणि परत लावा. उजव्या हाताने."

काढताना कसंबसं ओढून काढलं. लावताना बोटं काजावरून नुसती घसरत राहिली. मी खोकलो. वर पंख्याकडे बघितलं. पुन्हा घसरली. तेवढ्यात बायकोचा हात सवयीने पुढे आला. चार महिने रोज सकाळी तीच बटणं लावायची, भाजीचं, सोसायटीच्या मीटिंगचं काहीबाही बोलत, मला जाणवूही न देता.

"ताई, थांबा. रोज तुम्हीच लावता?"

बायको नुसती मान हलवून गप्प झाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग मलाच बोलावं लागलं.

"नाही जमत हो, मॅडम. लग्नाकार्यात जेवायला बसणंसुद्धा सोडलंय. चारचौघांत डाव्या हाताने घास कसा घ्यायचा?"

त्यांनी आधी लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहायला घेतलं.

पुढच्या महिन्यात तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या. माझी सही बघून कंपनीचा माणूस कुरकुरला, "साहेब, रेकॉर्डवरची सही अशी नाहीये."

"रेकॉर्डवरचा हात तरी असा कुठे होता?" बायको म्हणाली.

त्याने निमूटपणे शिक्का मारला.